तंजावरची राजगोपाल तोफ

तंजावरला जाणारा मराठी प्रवासी तेथे काय पाहावयाचे, हे घरूनच ठरवून निघालेला असतो. राजराज चोळाने १०१० च्या सुमारास पुरे केलेले बृहदीश्वराचे देवालय तो पाहतो. त्याच देवालयाच्या भिंतीवर सरफोजीराजांनी १८०३ साली कोरविलेला भोसले वंशाचा प्रदीर्घ मराठी शिलालेख पाहून त्याचा ऊर अभिमानाने भरून येतो. मग सरस्वती महालातील हस्तलिखिते, राजवाड्यातील दरबार, जमल्यास एखादे तंजावरी चित्र. आणि संध्याकाळच्या गाडीने तो परत फिरतो. शहराच्या पूर्व अंगाला, जुन्या कोटाच्या तटावर एक उंचवटा आहे, त्याला तेथील लोक ‘बीरंगी मेडु’ म्हणतात. त्या उंचवट्यावर पूर्वेकडे तोंड करून एक प्रचंड लोखंडी तोफ निजलेली आहे. तिच्याकडे मात्र फार थोड्यांची पावले वळतात.

‘बीरंगी’ म्हणजे तमिळमध्ये तोफ आणि ‘मेडु’ म्हणजे उंचवटा. बीरंगी हा शब्द आपल्या ओळखीचा आहे. तो आपला ‘फिरंगी’च. पश्चिमेकडून समुद्रमार्गे आलेल्या लोकांच्या नावावरून मराठ्यांनी एका सरळ, लांब पात्याच्या तरवारीला ‘फिरंग’ म्हटले आणि तमिळ लोकांनी तेच नाव तोफेला दिले. ज्याला परक्याचे जे शस्त्र प्रथम डोळ्यांत भरले, त्याने त्या शस्त्राला परक्याचे नाव दिले, असे म्हणावयास हरकत नाही. या तोफेचे पुरे नाव ‘राजगोपाल बीरंगी’. राजगोपाल म्हणजे श्रीकृष्ण. मन्नारगुडीचा राजगोपालस्वामी हा तंजावरच्या नायक राजांचा आराध्य देव, आणि त्याचेच नाव त्यांनी आपल्या सर्वांत मोठ्या तोफेला दिले.

ही तोफ रघुनाथ नायकाच्या कारकिर्दीतील, म्हणजे सतराव्या शतकाच्या पूर्वार्धातील मानली जाते. रघुनाथ हा पराक्रमी होता, विद्वान होता, संगीताचा जाणकार होता. १६२० साली त्याने डेन्मार्कच्या व्यापाऱ्यांशी करार करून त्यांना तरंगंबाडीच्या किनाऱ्यावर वखार व किल्ला बांधू दिला. त्यामुळे ही तोफ डेन लोकांच्या साहाय्याने झाली असावी, असे पुष्कळदा सांगितले जाते. आपल्याकडे काही मोठे आणि अवघड दिसले की ते कोणा साहेबाने केले असणार, असे मानण्याची एक खोड आहे. या तोफेच्या बाबतीत त्या समजुतीला उत्तर द्यावयाचे, तर इतिहासाच्या पानांपेक्षा तोफेच्या अंगाकडेच नीट पाहिले पाहिजे.

प्रथम तिचे माप घेऊ. लांबी सुमारे साडेसात मीटर, म्हणजे जवळजवळ पंचवीस फूट. बाहेरचा व्यास तीन फुटांच्या आसपास. तोंडाच्या आतला व्यास, ज्याला तोफेची मोरी म्हणता येईल, तो सुमारे ६३ सेंटिमीटर. म्हणजे सडपातळ माणूस आत सरपटत सहज शिरेल. वजन बावीस टनांच्या घरात. दिल्लीचा सुप्रसिद्ध लोहस्तंभ सात मीटरांहून थोडा उंच आणि सहा टनांहून थोडा अधिक वजनाचा आहे. त्याच्याएवढ्याच लांबीची, पण वजनाने तिपटीहून अधिक भरणारी अशी ही लोखंडाची वस्तू तंजावरच्या तटावर चारशे वर्षे ऊनपाऊस सोसत पडली आहे.

तोफा दोन प्रकारांनी करीत. एक ओतीव आणि दुसरी घडीव. काशाची किंवा पंचरशी तोफ ही ओतीव तोफ. धातू वितळवावयाचा आणि साच्यात ओतावयाचा. विजापूरची मुलूखमैदान तोफ अशी ओतीव आहे. परंतु लोखंड वितळावयास सुमारे १५३५ अंश सेल्सिअस उष्णता लागते, आणि आपल्या लोहारांच्या कोळशाच्या मातीच्या भट्टीत इतकी उष्णता मिळत नसे. त्या भट्टीत खनिजातून लोखंड निघे ते वितळून नव्हे, तर मऊ, सच्छिद्र, मळीने भरलेल्या गोळ्याच्या रूपाने. तो गोळा लाल असतानाच ऐरणीवर घेऊन घणांनी कुटावयाचा, कुटता कुटता मळी बाहेर काढावयाची, आणि उरेल ते घट्ट लोखंड हाती घ्यावयाचे. असा एकेक गोळा काही शेरांचा. त्यातून बावीस टनांची तोफ घडवावयाची होती.

ती कशी घडविली, हे समजून घेण्यासाठी आपल्याला तंजावरला जाण्याचेही कारण नाही. कोणत्याही मराठी खेड्यात पूर्वी बैलगाडीच्या लाकडी चाकाला लोखंडी धाव बसवीत, ते ज्यांनी पाहिले आहे त्यांना ही तोफ लगेच कळेल. धाव चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहान करीत. मग शेणकुटांच्या आगीत ती लालभडक तापवीत. तापली की ती फुगे आणि चाकावर चढे. त्यावर पाणी ओतले की ती आकसे आणि चाकाच्या आऱ्या, पाटे, तुंबा या सर्वांना एकत्र आवळून धरी. सुतार आणि लोहार यांनी मिळून साधलेली ही युक्ती राजगोपाल तोफेच्या मुळाशी आहे.

आतल्या बाजूला लांबच लांब लोखंडी पट्ट्या, चाळिसांहून अधिक, एकमेकींना लागून उभ्या गोल मांडलेल्या आहेत. लाकडी पिंपाच्या फळ्या मांडाव्यात तशा. इंग्रजीत बंदुकीच्या किंवा तोफेच्या नळीला अजून ‘बॅरल’, म्हणजे पिंप, म्हणतात, त्याचे कारण हेच की तिकडच्याही जुन्या तोफा अशाच पट्ट्या व कडी यांनी घडत असत. या पट्ट्यांच्या नळीवर तापविलेली लोखंडी कडी एकीला लागून एक चढविली, गार होऊ दिली, घण घालून एकजीव केली. आणि त्यांच्या सांध्यांवर पुन्हा दुसरी कडी. अशी नव्वदांहून अधिक कडी या तोफेच्या अंगावर आहेत. मराठीत ‘बांगडी तोफ’ असा शब्द आहे, तो अशाच घडणीच्या तोफांसाठी. नळीवर एकामागून एक बांगड्या भरलेल्या असतात.

आता यातील अवघडपणा ध्यानात घ्या. गाडीच्या चाकाची धाव दोघातिघांनी सांडशीने उचलून बसविता येते. येथे प्रत्येक कडे काही मणांचे, लालभडक, आणि ते योग्य क्षणी योग्य ठिकाणी सरकविले पाहिजे. क्षणभर उशीर झाला तर ते मध्येच आकसून अडकावयाचे. माप थोडे मोठे झाले तर सैल राहावयाचे. सैल राहिलेले एक कडे म्हणजे बार होताना फुटणारी तोफ आणि मरणारे गोलंदाज. स्कॉटलंडमधील एडिंबरोच्या किल्ल्यावर ‘मॉन्स मेग’ नावाची अशीच घडीव तोफ आहे. ती १४४९ साली बर्गंडीच्या राज्यात तयार झाली. वजन सुमारे साडेसहा टन, मोरी सुमारे वीस इंच. सतराव्या शतकाच्या शेवटी शेवटी एका राजपुत्राच्या वाढदिवसाची सलामी देताना तिचे कडे फुटले आणि तिची कामगिरी संपली. युरोपातील त्या नावाजलेल्या तोफेच्या तिपटीहून जड अशी तोफ तंजावरच्या लोहारांनी घडविली.

कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील धातुशास्त्रज्ञ आर. बालसुब्रमणियम यांनी आपल्या सहकाऱ्यांसह या तोफेचा अभ्यास करून २००४ साली तो प्रसिद्ध केला. दिल्लीच्या लोहस्तंभावरील संशोधनाने त्यांचे नाव झालेले होते. त्यांना या तोफेचे लोखंड कोळशाच्या भट्टीत, न वितळविता काढलेले, म्हणजे आपल्या जुन्या पद्धतीचेच आढळले. त्या लोखंडावर बसलेला गंज हाही एक पातळ, चिकट थर होऊन आतल्या धातूचे रक्षण करीत राहिला आहे. समुद्रापासून फार दूर नसलेल्या, पावसाच्या आणि दमट हवेच्या प्रदेशात चारशे वर्षे उघड्यावर राहूनही ती कुजून गेली नाही. तेव्हा डेन व्यापाऱ्यांनी काही सल्ला दिला असेल नसेल. परंतु लोखंड येथले, रीत येथली आणि घण मारणारे हातही येथलेच, एवढे तोफेचे अंगच सांगते.

एवढी मोठी तोफ करावयाची कशासाठी? याचे उत्तर वाटते तितके सोपे नाही. ६३ सेंटिमीटरांच्या मोरीत साठ सेंटिमीटर व्यासाचा दगडी गोळा घातला, तर त्याचे वजन तीनशे किलोंच्या आसपास भरते. तो चार-सहा माणसांनी दोरांनी उचलून तोंडाशी आणावयाचा, आत ढकलावयाचा. त्याआधी मणांनी दारू ठासावयाची. मग कान्यात दारू भरून बत्ती द्यावयाची. बार झाल्यावर नळी तापलेली. ती निवल्याखेरीज, आतली जळकी दारू पुसून काढल्याखेरीज दुसरी दारू ठासणे म्हणजे मरणाला आमंत्रण. त्यामुळे अशा तोफेचे बार दिवसाकाठी मोजकेच. शिवाय ती गाड्यावर घालून फिरविता येत नाही. जिकडे तोंड करून ठेवली तिकडेच ती पाहणार. शत्रूने दक्षिणेकडून यावयाचे ठरविले तर तिने काय करावे?

तरीही राजे अशा तोफा करवीत होते, आणि ते काही वेडे नव्हते. या तोफांचा खरा मारा गोळ्याचा नव्हे, बातमीचा होता. अशी तोफ एखाद्या कोटावर आहे, एवढे शेजारच्या राज्यात कळले की तिचे निम्मे काम झाले. गोळ्याची धाव कोसाची असेल, कीर्तीची धाव शंभर कोसांची.

ही कीर्ती कशी वाढते हे पाहणे मनोरंजक आहे. राजगोपाल तोफेविषयी तंजावरात कथा सांगतात ती अशी की, ती आयुष्यात एकदाच उडविली गेली. तिच्या आवाजाची धास्ती एवढी, की गोलंदाजांनी दारूची लांबच लांब वाट आखली आणि ते आपण दूर जाऊन उभे राहिले. हीच कथा थोडा वेश पालटून सगळ्या हिंदुस्थानात भेटते. जयपूरजवळच्या जयगडावर १७२० साली ओतलेली पन्नास टनांची ‘जयबाण’ तोफ आहे. तीही एकदाच उडविली म्हणतात. आणि तिचा गोळा जाऊन पडला तेथे चाकसूजवळ तळे झाले, असे सांगतात. विजापूरच्या उपरी बुरुजावर पाण्याचे टाके आहे. बत्ती दिल्याबरोबर गोलंदाज त्या टाक्यात उडी मारून डोके बुडवीत आणि कान वाचवीत, असे वाटाडे सांगतात. एक बार, दूरवर पडलेला गोळा, बहिरे झालेले गोलंदाज. तोफ निराळी असली तरी कथेचे हे तीन खांब कायम.

मराठी माणसाला तर याचे उदाहरण बाहेर शोधावयासच नको. मुलूखमैदान तोफ १५४९ साली अहमदनगरला महंमद बिन हुसेन रूमी याने ओतली, पुढे ती परांड्याहून विजापूरला नेण्यात आली. लांबी चौदा-पंधरा फूट, वजन पंचावन्न टन, तोंडाला हत्तीला गिळणाऱ्या सिंहाचा जबडा. १८५४ साली इंग्रज अंमलदारांनी विजापूरचे निरुपयोगी सामान लिलावात काढले, तेव्हा या तोफेला सर्वांत मोठी बोली आली ती दीडशे रुपयांची! बोली फारच थोडी म्हणून, आणि लोकांच्या मनात तिच्याविषयी आदर आहे म्हणून विक्री रद्द झाली. बाजारात दीडशे रुपयांची ठरलेली ही तोफ मराठी भाषेत मात्र अमोल ठरली. सभा दणाणून सोडणाऱ्या वक्त्याला आपण ‘मुलूखमैदान तोफ’ म्हणतो. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत हे बिरूद किती सभांतून गाजले, हे त्या काळच्या लोकांना आठवत असेल. ज्यांनी विजापूर कधी पाहिले नाही, त्यांच्याही तोंडी ती तोफ आहे. शस्त्राची कीर्ती शस्त्राला सोडून चालू लागते, ती अशी.

आपल्या काळात हेच काम चित्रपटांनी केले. अमेरिकेतील कोल्ट कंपनीचे १८७३ सालचे सहाबारी रिव्हॉल्व्हर घ्या. मोरी ०.४५ इंच; हातात धरावयाच्या शस्त्राला ती चांगलीच मोठी. त्याची क्रिया एकेरी, म्हणजे प्रत्येक बाराला अंगठ्याने घोडा मागे ओढावयाचा, त्यासरशी गोळ्यांचे चाक एक घर फिरते, आणि मग चाप दाबावयाचा. चाप दाबताच घोडाही आपोआप उठेल अशी दुहेरी क्रियेची रिव्हॉल्व्हरे आल्यावर हे हत्यार मागे पडले. अमेरिकन लष्कराने १८९२ च्या सुमारास त्याच्या जागी दुसरे घेतले आणि पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर कंपनीने ते करणेच बंद केले. परंतु गुराख्यांच्या आणि दरोडेखोरांच्या चित्रपटांनी ते मरू दिले नाही. पडद्यावर अंगठ्याने घोडा ओढताना होणारा तो खटका प्रेक्षकांना इतका आवडला, की १९५६ साली कोल्ट कंपनीला ते जुने हत्यार पुन्हा बनवावयास घ्यावे लागले. त्याच सुमारास रूगर कंपनीनेही त्याच जुन्या एकेरी धाटणीची, पण अधिक जबर काडतुसांची रिव्हॉल्व्हरे बाजारात आणली. लष्कराला नको असलेले हत्यार कथेने परत आणविले!

आपल्याकडच्या ‘शोले’ची आठवण येथे झाल्यावाचून राहत नाही. १९७५ सालच्या त्या चित्रपटात डाकूंचा सरदार आपल्याच तीन माणसांसमोर रिव्हॉल्व्हर धरतो, आधी तीन गोळ्या हवेत उडवितो, चाक गरकन फिरवितो आणि एकेकाच्या डोक्याला ते लावतो. प्रत्येक वेळी खटका रिकामा पडतो. त्या प्रसंगातली भीती गोळीची नाही. गोळी आहे की नाही हे ठाऊक नसल्याची आहे. तंजावरच्या पूर्व दरवाज्याशी येणाऱ्या परक्या वकिलाला, व्यापाऱ्याला, हेराला त्या काळ्या मोरीकडे पाहताना हीच भीती वाटावी, अशी रघुनाथ नायकाची अपेक्षा असली पाहिजे. मोरी अर्ध्या इंचाची असो की पंचवीस इंचांची, तिच्याकडे समोरून पाहणाऱ्याच्या मनात जे घडते, तेच तिचे पहिले कार्य.

मग या तोफेने तंजावरचे रक्षण केले काय? येथे कीर्ती आणि इतिहास यांची फारकत होते.

१६७३ साली मदुरेच्या चोक्कनाथ नायकाने तंजावरवर स्वारी केली. रघुनाथाचा मुलगा विजयराघव म्हातारपणी रणात पडला आणि नायकांचे राज्य बुडाले. तोफ तटावरच होती. १६७५-७६ च्या सुमारास विजापूरकरांच्या वतीने आलेले एकोजीराजे, शिवछत्रपतींचे सावत्र बंधू, यांनी तंजावर घेतले आणि तेथे भोसल्यांची गादी स्थापिली. तेव्हापासून ही तोफ मराठ्यांची झाली. १७५८ साली फ्रेंच सेनापती लाली पैशांसाठी तंजावरावर चालून आला. त्या वेळी प्रतापसिंह राजे गादीवर होते. लालीने वेढा घातला, तटावर तोफा डागल्या. पण त्याच्याजवळची दारू सरत आली आणि कारिकलच्या समुद्रात इंग्रजांचे आरमार दिसू लागले, तेव्हा वेढा उठवून त्याला परत फिरावे लागले. तंजावर वाचले ते शत्रूची दारू संपल्यामुळे! पुढे १७७१ साली अर्काटच्या नबाबाचे आणि इंग्रजांचे सैन्य आले, आणि तुळजाराजांना जबर खंडणी कबूल करून सुटका करून घ्यावी लागली. दोनच वर्षांनी तेच सैन्य पुन्हा आले. या वेळी तटाला भगदाड पडले आणि सप्टेंबर १७७३ मध्ये कोट शत्रूच्या हाती गेला. तुळजाराजे कैद झाले. १७७६ साली त्यांना राज्य परत मिळाले खरे, पण ते विलायतेतील कंपनीच्या हुकमाने. ज्याचे राज्य हुकमाने परत मिळते, त्याचे ते हुकमाने जाणारही असते. १७९९ च्या तहाने सरफोजीराजांच्या हाती कोट आणि त्याच्या आसपासचा थोडा मुलूख एवढेच उरले; आणि १८५५ साली दुसरे शिवाजीराजे निपुत्रिक वारले, तेव्हा तेही खालसा झाले.

या सगळ्या घडामोडींत राजगोपाल तोफ पूर्वेकडे पाहत राहिली. ज्यांनी तंजावर घेतले त्यांनी हलक्या, गाड्यावरून नेता येणाऱ्या, तासातून अनेक बार काढणाऱ्या तोफा आणल्या होत्या. त्यांना एका मोठ्या गोळ्याची गरज नव्हती. तटाच्या एकाच जागी शेकडो लहान गोळे मारीत राहावयाचे, एवढेच त्यांना करावयाचे होते. अठराव्या शतकातील युद्ध हिशेबाने चालले होते: किती दारू, किती बार, किती बैल, किती दिवसांचा पगार. त्या हिशेबापुढे कीर्ती लंगडी पडली. आपल्या इतिहासातील पुष्कळ पराभवांचे कारण शोधू गेल्यास असेच निघते. शौर्य कमी नव्हते, शस्त्रेही होती. पण शस्त्राच्या कथेवर आपण जितका विश्वास ठेवला, तितका शस्त्राच्या हिशेबावर ठेवला नाही.

सरफोजीराजांनी मात्र आपल्या हाती उरले त्याचा अर्थ ओळखला होता, असे वाटते. कोटापलीकडे राज्य उरले नव्हते, तोफ डागावी असा शत्रू उरला नव्हता. तेव्हा त्यांनी ग्रंथ जमविले, धन्वंतरी महालात वैद्यकाचे प्रयोग करविले, एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात देवनागरी अक्षरांचा छापखाना चालवून मराठी पुस्तक छापले. आज तंजावरच्या भोसल्यांची आठवण ज्याने राहिली आहे ते हे सारे, तोफ नव्हे. परंतु म्हणून तोफेला फुकाची म्हणून टाकून देणे हेही बरोबर नाही. तिचा गोळा वाया गेला असेल. तिची घडण वाया गेलेली नाही.

बंगालमध्ये मुर्शिदाबादला ‘जहानकोषा’ नावाची एक तोफ आहे. पिंपळाची मुळे तिच्याभोवती वेटाळून तिला अधांतरी धरून राहिली होती, म्हणून ती पाहण्यास लोक जात आणि तिला फुले वाहत. ती १६३७ साली ढाक्यास तयार झाली, आणि ती ज्याने घडविली त्या लोहाराचे नाव तिच्यावरील पितळी लेखात कोरलेले आहे: जनार्दन कर्मकार. बादशहाचे नाव, सुभेदाराचे नाव, आणि त्यांच्या पंक्तीला एका लोहाराचे नाव! असे भाग्य तंजावरच्या लोहारांना लाभले नाही. राजगोपाल तोफेला देवाचे नाव मिळाले, ती राजाच्या कारकिर्दीची म्हणून ओळखली गेली, एका दूरच्या देशाच्या व्यापाऱ्यांनाही तिच्या श्रेयाचा वाटा देऊन झाला. भाता ओढणारा, सांडशी धरणारा, कडे नेमक्या क्षणी सरकविण्याचा इशारा देणारा जो कोणी कारागीर होता, त्याचे नाव कोठेच नाही. आणि एकोणिसाव्या शतकात विलायती लोखंड स्वस्त येऊ लागले, तेव्हा त्याच्या वंशजांच्या भट्ट्याही एकामागून एक विझल्या. ती विद्या पुस्तकांत लिहिलेली नव्हती; ती हातांत होती आणि हातांबरोबर गेली. ती पुन्हा समजून घ्यावयास आपल्या धातुशास्त्रज्ञांना प्रयोगशाळेत भिंगाखाली गंजाचे कण तपासावे लागले.

बीरंगी मेडुवर मी गेलो तेव्हा दुपार टळली होती. दोन-तीन मुले तोफेच्या तोंडाशी उभी राहून आत ओरडत होती आणि आपलाच घुमणारा आवाज ऐकून हसत होती. त्यांतल्या एकाने मला परका ओळखून आपण होऊन ती एका बाराची गोष्ट हातवारे करीत सांगितली. त्याची भाषा मला चार शब्दांपलीकडे कळत नव्हती. पण गोष्ट सगळी कळली. मग मी त्याला तोफेच्या बाजूला नेले आणि दोन कड्यांमधल्या सांध्यावर बोट फिरवून दाखविले. त्यानेही बोट फिरविले. पुढच्या सांध्यावर फिरविले, त्याच्या पुढच्या. मग तो तोंडापासून मागे चालत एकेक कडे मोठ्याने मोजू लागला. मोजणी कोठे चुकली म्हणून पुन्हा तोंडाशी आला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

तंजावरला जाल तेव्हा थोडा वेळ काढून त्या उंचवट्यावर जावे. गोष्ट तेथे कोणीही सांगेल, आणि ती ऐकावीही. पण त्यानंतर तोफेच्या अंगावरून एकदा हात फिरवावा. ज्यांची नावे कोणत्याही शिलालेखात नाहीत, त्यांची अक्षरे तेथे नव्वदांहून अधिक वेळा उमटलेली आहेत.